डाव्या कानाचा खजिनदार

त्यांचा डावा कान खरोखरच बहिरा होता की नाही, यावर आमच्या मंडळीत दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्षांकडे साक्षीदार होते. बहिरा म्हणणारे सांगत, की कोर्टात बेलिफ असताना ते कुठंतरी जप्तीला गेले, तिथल्या बाईनं तवा हाणला आणि कान गेला. तो तवा त्यांनी मग जप्तीच्या यादीत घातला, ही भर माझी. दुसरा पक्ष सांगे, की चर्चच्या मागं कुणी पडलेला नारळ उचलला, तर त्यातलं पाणी डुचमळल्याचं त्यांना ह्याच कानानं वेदीपाशी बसून ऐकू येतं. मी दोन्ही पक्षांत होतो. मंडळीच्या सेक्रेटरीला तसं राहावंच लागतं.

मी थोडं वाढवून सांगतो, अशी माझी ख्याती आहे. लोक थोडं कमी करून ऐकतात, त्याला माझा इलाज नाही.

आमची मंडळी म्हणजे रत्नागिरीतलं जांभ्या दगडाचं एक लहानसं चर्च, तीसेक घरं, एक पाळकसाहेब, मधला सूर कायमचा रजेवर गेलेली एक बाजाची पेटी, आणि हे खजिनदार. लहानथोर सगळे त्यांना बेलिफकाका म्हणायचे. अंगानं इतके किडकिडीत, की उपासनेला येताना खुंटीवरचा कोटच चालत आल्यासारखा वाटे. पण पैशाची गोष्ट निघाली की तोच कोट दार अडवून उभा राहायचा.

चर्चचे पैसे त्यांनी पत्र्याच्या डब्यांत वाटले होते. दिवाबत्तीचा डबा, पाळकांचा डबा, डागडुजीचा डबा आणि सगळ्यांत मागं मयताचा डबा. मयताचा म्हणजे, ज्याच्या घरी शवपेटीलाही पैसे नाहीत त्याला माती द्यायला ठेवलेला. नोटा सोमवारी बँकेत जायच्या, डब्यात चिठ्ठी राहायची. पण काकांच्या लेखी पैसे डब्यातच असायचे. एकदा नाताळच्या रोषणाईला थोडे कमी पडले, तेव्हा मीच म्हणालो, मयताच्या डब्यातले घेऊ, सध्या कोणी मरायच्या बेतात दिसत नाही. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की तो बेत माझ्यापासूनच सुरू होतोय असं मला वाटलं.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "आपले डबे एकमेकांच्या घरी उसनं मागायला जात नाहीत."

त्या नाताळात आमच्या चर्चवर एकच चांदणी लागली, तीही मागच्या वर्षीची.

मग जगाबरोबर आम्हीही फोनवरून दान घ्यायला लागलो. दाराशी चौकोनी ठिपक्यांचा कागद लागला आणि पैसे आले की बोलणारा डबा आला. पहिल्याच रविवारी पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत होते, ऐन पश्चात्तापाच्या जागी डबा खणखणीत बोलला, दहा रुपये प्राप्त झाले. सबंध मंडळीनं मिटलेल्या डोळ्यांनी दाराकडे माना वळवल्या. काका उठले, तो डबा टॉवेलात गुंडाळला आणि डागडुजीच्या डब्यात कोंबून झाकण लावलं. म्हणाले, देवाला कळलंय, शेजारच्या बाकाला कळायची गरज नाही. तो डबा पुढं कितीतरी रविवार टॉवेलातून पुटपुटत असे.

पण त्यांचं खरं राज्य लिलावात. दर मे महिन्यात, चाकरमानी मुंबईहून घरी आलेले असताना, आमच्याकडे उपकारस्तुतीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्यानं आणायचं. आंब्याची पेटी, सुरण, सुके बांगडे, कोंबडा. एका वर्षी बोकड आला होता, त्यानं पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा मोठा उपदेश केला. उपासना झाली की अंगणात टेबल मांडून लिलाव. घेणाऱ्यानं वस्तू परत दान दिली, तर तिचा पुन्हा लिलाव, हा आमचा जुना रिवाज. असा एक कोंबडा दिवसभर विकला गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःची किंमत अशी चढली, की घेणाऱ्याच्या घरी चालत जायला तयार होईना, रिक्षा करावी लागली.

काका येण्याआधी ह्या लिलावात काय व्हायचं, तर गाणी झालेली, डोळे भरलेले, शेजारी मुंबईचे व्याही उभे. त्या भरात माणूस पपईला पाच हजार बोलायचा आणि कमिटी त्याच संध्याकाळी ते हाती न आलेले पाच हजार पंख्यावर खर्चून मोकळी. मग पपई पोटात, पंखा भिंतीवर आणि पंखेवाला सेक्रेटरीच्या दारात. काकांनी कोर्टाचा कायदा देवाच्या अंगणात आणला. बोली लागली, की चौथा हिस्सा जागेवर मोजायचा. हातोडा म्हणून त्यांच्या हातात बायकोच्या खलबत्त्यातला बत्ता असे. काकू वारल्या, तेव्हा खल घरी राहिला आणि बत्ता चर्चला आला.

चौथा हिस्सा लोकांनी कुरकुरत मान्य केला. पण कानाचं कोणाला कळायला वेळ लागला. ऐपतीबाहेर कोणी बोलला, की काका त्याच्याकडे डावा कान करायचे. बोली ऐकूच यायची नाही. बत्ता खाली, वस्तू दुसऱ्याला.

मच्छीमार्केटात पाटी घेऊन बसणारी आमच्या मंडळीतली एक बाई होती. ज्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या होडीचं इंजिन बसलं, त्याच वर्षी ती कोंबड्याला हजार बोलली. काकांनी डावा कान केला आणि कोंबडा तीनशेला दुसऱ्याच्या काखेत दिला. ती टेबलापाशी आली, कमरेवर हात ठेवले.

"मोठ्या लोकांचा खोकलापन ऐकाला येतो तुमाला," ती म्हणाली. "माजा बोलना तेवडा येत न्हाय. माजे पैशे काय कुजके हायत?"

काका पुढच्या सुरणाकडे वळले. मी नंतर त्यांना म्हटलं, काका, बाई दुखावली. ते म्हणाले, "भरात बोललेला पैसा घरातल्या भांड्यांतून वसूल होतो. मी उचललीयत ती भांडी. तिच्या घरची पाहिलीस? तीन आहेत."

तेव्हापासून ती काकांना मासळीचा वाटा मोठा घालायची आणि तोंड फिरवून घालायची.

आता बांधाचं सांगतो.

चर्चच्या मागं उतार आहे, उतारावर आमची कबरस्तानाची जागा, आणि खाली पऱ्या, म्हणजे ओढा. पावसात तो पऱ्या असा फुगतो, की एकदा त्यातून एक सबंध गोठा गुरांसकट भाट्याच्या खाडीत गेला आणि गुरं ओहोटीला परत आली, असं मी सांगत असतो. त्या पऱ्यावर जुना चिऱ्यांचा बांध होता. त्या वर्षी बांधाला पोट आलं. गवंडी म्हणाला, हा पावसाळा काढणार नाही. बांध गेला की वरची कबरींची ओळही जाईल. सगळ्यांत कडेच्या ओळीत, अगदी शेवटी, काकू होत्या. डागडुजीच्या डब्यात होतं त्यात बांधाचा पायाही झाला नसता.

अशा वेळी आमचा शेठ देवासारखा आला. शेठ म्हणजे लोट्याच्या कारखान्यांत कंत्राटं घेऊन मोठा झालेला आमच्याच शब्बाथशाळेचा मुलगा. सगळे त्याला शेठ म्हणत, काका अजून बाबू म्हणत. त्याचं म्हणणं असं, की सणाला पहिल्या फणसाला मी दोन लाख बोलतो. बांध तुमचा झाला. मंडळीनं फक्त एका कागदावर सही करावी: रस्त्याकडचं अंगण मला नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं द्यावं, मी तिथं गाळे काढतो.

अंगण म्हणजे तेच, जिथं आमचा लिलाव होतो, लग्नाच्या पंगती बसतात आणि मयताची पेटी क्षणभर टेकवतात.

कमिटी बसली. पाळकसाहेबांना समोर दोन लाख दिसत होते, मलाही दिसत होते, मला तर त्यात व्याजही दिसत होतं. काकांनी कागद वाचला, घडी घातली आणि एवढंच विचारलं, की हे मंडळीला सांगितलंत का. पाळकसाहेब म्हणाले, वेळ कुठाय काका, मिरग तोंडावर आलाय. हात वर झाले. एकट्या काकांचा खाली. ते उठले, चप्पल घातली आणि जाता जाता म्हणाले, "बोली अजून लागलेली नाही."

आणि आम्ही काय केलं, तर पपईच्या वेळी करायचो तेच. बोली लागायच्या आधीच खर्च. शेठचं मन मोठं, त्याहून त्याचा जेसीबी मोठा. त्यानं सणाच्या दोन दिवस आधी मशीन पाठवलं, चिऱ्यांचे ट्रक रिकामे केले, आणि आमच्या डोळ्यांसमोर जुना बांध काढून टाकला. आम्ही चहा पीत बघत होतो. मशीन थांबलं तेव्हा तांबडी माती उघडी पडली होती, आणि काकूंच्या क्रूसापासून कडा इतकी जवळ, की मधे एक पाटी ठेवायलाही जागा नव्हती. काका आले. चप्पल काढली, तिथं उभे राहिले. मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि खाली पऱ्यात पडल्याचा आवाज आला. कोणत्या कानानं ऐकलं कोण जाणे, पण त्यांचे डोळे मिटले.

सणाच्या दिवशी अंगण भरलेलं. शेठ पुढच्या खुर्चीत, पांढऱ्या कपड्यांत, कागद खिशातून डोकावतोय. पाळकसाहेबांच्या कपाळावर घाम, ढग मिऱ्याच्या डोंगरामागं, आणि टेबलावर फणस. फणस असा की तो टेबलावर आहे की टेबल त्याच्याखाली लपलंय, कळेना.

काकांनी बत्ता उचलला. कोपऱ्यातून मार्केटवाली बाई म्हणाली, दोनशे. काका म्हणाले, "दोनशे. एक वार."

शेठनं पायावर पाय टाकला. "दोन लाख."

अंगणात इतकी शांतता पसरली, की फणस पिकत असल्याचं ऐकू यावं. काकांनी मान हळूहळू फिरवली. डावा कान शेठसमोर आला. कानामागं हाताचा द्रोण केला, कपाळाला आठ्या घातल्या, अगदी मन लावून ऐकलं.

"दोनशे," काका म्हणाले. "दोन वार."

आजवर श्रीमंत माणसाकडे तो कान कधी वळला नव्हता. शेठ हसला. काका, दोन लाख म्हणतोय मी, असं जरा चढ्या आवाजात म्हणाला. पाळकसाहेब उठून बोटांनी दोन दोन दाखवायला लागले. शेठला तेवढ्यात उमगलं. तो खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून काकांच्या उजव्या बाजूला निघाला. त्याची खुर्ची मागं कलंडली. बत्ता वर गेला. शेठ उजव्या कानापाशी पोचला, तोंड उघडलं,

"तीन वार."

बत्ता असा आदळला, की मांडवीच्या धक्क्यावरचे बगळे उडाले. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर बगळ्यांना विचारा.

शेठचा चेहरा पांढऱ्या कपड्यांहून पांढरा झाला. "काका," तो दातांतून म्हणाला, "काकूंची कबर त्या कडेला आहे. विसरलात?"

काकांनी रुमालानं बत्ता पुसला.

"तिला विचारून आलोय, बाबू."

शेठची गाडी धूळ उडवत गेली. पाळकसाहेब पुढं झाले. म्हणाले, काका, कमिटीचा ठराव होता, तुम्ही खजिनदारीचा राजीनामा द्या. काका म्हणाले, देतो, आधी लिलाव पुरा करू. मग मंडळीकडे वळून त्यांनी आयुष्यातलं सगळ्यांत लांब भाषण केलं: "तुमचं अंगण विकायला काढलं होतं. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आता बांध पडलेला आहे आणि पैसे नाहीत."

मग मार्केटवाली बाई उठली. पदराची गाठ सोडली, चौथा हिस्सा नव्हे, सगळे दोनशे टेबलावर ठेवले. "फणस माजा झाला," ती म्हणाली. "आता तो परत दिला. करा लिलाव." आणि लगेच स्वतःच पाचशे म्हणाली. काकांनी तिच्याकडे डावा कान केला. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

पण बाकीचे बोलू लागले. फणस विकला गेला, परत आला, पुन्हा विकला गेला. चाकरमान्यांनी परतीचं तिकीट ठेवून बाकीचा खिसा उलटा केला. फणस इतक्या हातांतून फिरला, की त्याचे काटे बोथट झाले. सूर्य खाली जाईपर्यंत तो तीस घरांचा झाला आणि त्याच घटकेला पिकून फुटला. मग सगळ्यांनी तिथंच बसून खाल्ला, आणि आठळ्या वाटून घरी नेल्या. राजीनाम्याचं नाव पाळकसाहेबांनी पुन्हा काढलं नाही. त्यांच्या दोन्ही हातांना चीक लागला होता.

सोमवारी शेठचे ट्रक आले आणि आपले चिरे उचलून घेऊन गेले. आम्ही नवे चिरे घेतले, रोख. गवंडी एक, बाकी गडी आम्हीच. काकांनी काम दुसऱ्या टोकापासून सुरू करायला लावलं, जिथं बिनावारशांच्या कबरी आहेत. काकूंचं टोक सगळ्यांत शेवटी. मी म्हटलं, काका, तिकडची कडा आधी ढासळेल. ते म्हणाले, खजिनदाराची बायको रांगेत पुढं घुसली असं व्हायला नको.

आणि पैसे संपले. बांध काकूंपासून दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या अंतरावर थांबला.

आभाळ रोज खाली येत होतं. कमिटीला आता आपली चूक टोचत होती. पाळकसाहेब स्वतः म्हणाले, मयताच्या डब्यात आहेत, घेऊ. काका म्हणाले, डबे उसनं मागत नाहीत. मी म्हटलं, मग तुमच्या पेन्शनीतून घाला, कोण अडवतंय? "मी दानाच्या थाळीत टाकायचे ते टाकलेत," ते म्हणाले. "आपापल्या माणसापुरता बांध ज्यानं त्यानं घालायचा ठरवलं, तर त्या टोकाला कोणी घातला असता?"

त्यांनी कडेवर ताडपत्री टाकली, कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवले आणि संध्याकाळी तिथं जाऊन बसू लागले. वारा सुटला की ताडपत्री फडफडे आणि ते हातानं दाबून धरत, पांघरूण सारखं करावं तसं.

पुढच्या रविवारी उपासना संपली. आशीर्वाद झाला. काका डबे घेऊन निघाले, तर अंगणात टेबल मांडलेलं. टेबलावर थाळी, थाळीत आठळ्या. धुऊन वाळवलेल्या, घराघरांतून परत आलेल्या. थाळीमागं मार्केटवाली बाई.

"परत दिल्यात," ती म्हणाली. "परत दिलेली वस्तू लिलावात घ्याला लागते. नियम तुमचा हाय, माजा न्हाय."

काकांनी इकडेतिकडे बघितलं. सण संपला म्हणाले, बत्ता आणला नाही म्हणाले. बत्ता पाळकसाहेबांच्या झग्यातून निघाला. आणि मग मंडळी हलली. बायका, पुरुष, म्हातारे, सगळे उठून टेबलाभोवती गोल उभे राहिले, काका मधे. पहिली बोली समोरून आली, ज्याच्या घरी दोन महिने पगार नव्हता त्याची. काकांनी डावा कान फिरवला, तर उजवा कान दुसऱ्या गरिबाच्या तोंडाशी गेला आणि तो बोलला. तिकडून मान काढली, तर उजवीकडे तिसरा. कुठंही वळा, चांगला कान कोणाच्या ना कोणाच्या तोंडाशी. मानेनं एक सबंध फेरा घेतला; मी तर म्हणतो तीन घेतले आणि शेवटचा कोट न हलता घेतला. मग काका थांबले. ओठ घट्ट मिटले, आणि येईल ती बोली ऐकत गेले, एक वार, दोन वार, तीन वार. मूठभर आठळ्यांच्या थाळीला आमच्याकडे अशी किंमत आली, की अस्सल हापूसनं लाजून पाडाला लागायचं थांबावं.

पुरेसे झाले. गवंडी कुंपणाशीच उभा होता, त्याला खूण झाली. तरी थाळी टेबलावरून उठेना, कारण शेवटच्यानंही आठळ्या परत दिल्या होत्या, पाळी मार्केटवाल्या बाईची होती आणि ती अजून बोलली नव्हती.

ती काकांच्या डाव्या हाताला होती, अगदी खांद्यापाशी. आम्ही म्हटलं, अगं बाय, उजवीकडे ये. ती हलली नाही. ओरडलीही नाही. शेजारणीला कळू नये असा भाव सांगावा, तशी ती ओठांतल्या ओठांत आपला आकडा बोलली. मी दोन हातांवर होतो, मला ऐकू आला नाही. तो आकडा आजतागायत कोणाला कळलेला नाही.

काकांनी मान वळवली नाही. उजवा कान आमच्याकडे होता, डावा तिच्याकडे, आणि डोळे मागं कडेवर, जिथं ताडपत्री वाऱ्यानं उचलत होती. बत्ता तेवढा वर गेला.

"ऐकलं, बाय," काका म्हणाले. "एक वार."